कागद नसलेली मुलगी आमदार झाली

मागच्या बैठकीत आमच्या गटाकडे एक अर्ज आला आणि आम्ही तो बाजूला ठेवला. त्याचं सांगतोच, पण आधी अमेरिकेतल्या एका वकीलबाईंबद्दल ऐका.

त्यांचं नाव कॅटालिना क्रूझ. जन्म कोलंबिया देशातला. नऊ वर्षांच्या असताना त्या न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात आल्या. आई एकटीच कमावणारी. तिने लोकांची मुलं सांभाळली, ऑफिसं झाडली-पुसली. तिथं राहायला लागणारे सरकारी कागद कॅटालिनांकडे दहाहून जास्त वर्षं नव्हते. अशा माणसाला कधी धरतील आणि परत पाठवतील, याचा नेम नसतो.

तरी त्या शिकल्या, वकील झाल्या. आधी भाडेकरूंची बाजू मांडली, मग पिळवणूक होणाऱ्या कामगारांसाठी राज्य सरकारात काम केलं. २०१८ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेला उभ्या राहिल्या. तिथं पक्षाची उमेदवारीसुद्धा मतदार मत देऊन ठरवतात, वरून चिठ्ठी येत नाही. आधीच्या आमदारही बाईच होत्या. त्यांना हरवून क्रूझबाई निवडून आल्या.

आता खरी गंमत पुढे आहे. नागरिकत्व द्यायचं की नाही, हे तिथलं केंद्र सरकार ठरवतं. राज्याच्या आमदाराला तो अधिकारच नाही. मग आमदार होऊन करायचं काय? जे राज्याच्या हातात आहे ते करायचं. कागद नसलेल्या मुलांनाही कॉलेजसाठी राज्याची आर्थिक मदत मिळावी, हा कायदा जानेवारी २०१९ मध्ये मंजूर झाला. तो काही एकट्या क्रूझबाईंचा नव्हे, मागणी कित्येक वर्षांची. त्यासाठी झटलेले होझे पेराल्टा नावाचे लोकप्रतिनिधी दोनच महिने आधी वारले होते, म्हणून कायद्याला त्यांचं नाव दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये गाडी चालवायच्या परवान्याचाही कायदा झाला. परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. पण कामावर जाताना, पोराला दवाखान्यात नेताना जीव मुठीत धरावा लागत नाही.

आता आमचा अर्ज. बीडकडून ऊसतोडीला आलेली एक बाई सहा वर्षांपासून आमच्या गावाच्या कडेला राहते. तिला गटात यायचंय, शेळीसाठी कर्ज हवंय. आधार कार्डावर पत्ता तिकडचा, रेशन कार्डही तिकडचंच. आम्ही म्हणालो, रहिवासी दाखला आण. तो तिला मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. क्रूझबाई परक्या देशात गेल्या होत्या, ही तर आपल्याच राज्यातली! खरं सांगायचं तर कागदाआड आमची भीती होती, पैसे घेऊन गेली तर?

बँकेचे नियम आम्ही बदलू शकत नाही. पण आमच्या बचतीतून दिलं जाणारं कर्ज आमचा गटच ठरवतो. येत्या मंगळवारी ठराव मांडतोय: तिला सभासद करून घ्यायचं, सहा महिने बचत बघायची आणि दोघींनी जामीन राहायचं. एक जामीन मिळालीय. दुसरीचं नाव अजून कोरं आहे.