धूर खाली, जाग वरच्या माळ्यावर



आज आगीबद्दल बोलायचं आहे. आग लागू नये म्हणून काय करायचं, हे आपण गॅसच्या नळीपासून दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत दरवर्षी ऐकतो. आजचा प्रश्न वेगळा आहे. रात्री दोन वाजता खालच्या खोलीत धूर झाला, तर वरच्या माळ्यावर दार लावून, कूलर सुरू करून झोपलेल्या माणसाला ते कळणार कसं?

आपल्यापैकी कितीतरी जणींची घरं मोठी आहेत. महाल-इतवारीतली जुनी एकत्र कुटुंबाची घरं घ्या, नाहीतर मानेवाडा-नंदनवनकडची दुमजली-तिमजली. खाली सासू-सासरे, वर मुलं-सुना, त्याच्यावर भाडेकरू. खालच्या एका खोलीत गटाचं काम: शिलाई मशीन, कापडाचे तागे, पापडाचा माल, पॅकिंगच्या प्लास्टिक पिशव्या. जिन्याखाली इन्व्हर्टर, आणि रात्री तिथेच स्कूटरची बॅटरी चार्जिंगला. आग लागली तर धूर आधी जिन्यात शिरतो, कारण गरम धूर वर चढतो. ज्या जिन्याने आपण उतरणार, तोच धुराडं होतो.

आगीत माणूस जळून मरतो असं आपल्याला वाटतं. शेजारच्या भंडाऱ्याची आठवण करा. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यातली तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेली, असं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. धुरात विषारी वायू असतात. झोपलेल्या माणसाला त्याच्या वासाने जाग येईलच असं नाही, उलट गुंगी वाढते. म्हणून उठवणारं काहीतरी बाहेरून यावं लागतं.

त्यासाठी स्मोक अलार्म असतो. छताला लावायची छोटी गोल डबी. धूर आत शिरला की कर्कश वाजते. पण एकच अलार्म खाली लावला, तर तो खालीच वाजतो. मध्ये स्लॅब, दोन बंद दारं आणि मे महिन्यात कूलरची घरघर. वर झोपलेल्याला काही ऐकू येत नाही. म्हणून मोठ्या घराला एकमेकांशी जोडलेले अलार्म हवेत. एकाला धूर लागला की घरातले सगळे एकदम वाजतात. राजवाड्यात नगारा झाला की कोपऱ्यातल्या खोलीलाही कळायचं, तसं. आपल्या नागपूरचा भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत गेला. मोठं प्रवेशद्वार तेवढं उरलं. दगडाचं घर जळत नाही, या भरवशावर राहू नका. घरातलं सामान जळतं.

हे अलार्म जोडायला भिंत फोडावी लागत नाही. माझा आवाज जसा लहरींवरून तुमच्यापर्यंत येतो, तसेच ते एकमेकांना इशारा देतात. आत बॅटरी असते, त्यामुळे लाइट गेली तरी चालतात. घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. वायफाय बंद असताना हे एकमेकांना वाजवतात का? आणि पुढच्या वर्षी याच संचात आणखी एक जोडता येईल का? वेगवेगळ्या कंपन्यांचे अलार्म बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत.

कुठे लावायचे? स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून असे जोडलेले अलार्म प्रत्येक घराला कायद्याने लागतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ मध्ये ७२ माणसं गेली, त्यानंतर हा नियम आला. त्यांची मांडणी आपल्यालाही उपयोगी आहे: बैठकीच्या खोलीत एक, प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक, आणि स्वयंपाकघरात धुरावर नाही तर उष्णतेवर वाजणारा. नाहीतर रोजच्या फोडणीला घर दणाणेल, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल. देवघराच्या धूप-उदबत्तीपासूनही लांब लावा. कूलरच्या झोतात किंवा पंख्याला लागून नको. वाऱ्याने धूर बाजूला जातो. त्यात भर म्हणून दार लावून झोपतो त्या खोल्यांतही एकेक असावा. सगळे एकदम जमत नसतील, तर खालचा जिना, वरचा जिना आणि म्हाताऱ्या माणसांची खोली, एवढ्यापासून सुरुवात करा. गॅस गळती मात्र या अलार्मला कळत नाही, हे लक्षात असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लावल्यावर परीक्षा घ्या, आणि ती रात्रीसारखी घ्या. सगळी दारं लावा, कूलर सुरू करा, प्रत्येक खोलीत एकेक जण थांबा. मग खालच्या अलार्मचं बटण दाबा. सगळीकडे वाजला का? जुन्या घरांच्या जाड भिंतींत इशारा अडू शकतो. तसं झालं तर अलार्मची जागा बदला. ही परीक्षा महिन्यातून एकदा. गटाची बैठक जशी ठरलेल्या तारखेला होते, तशी त्याच दिवशी ही करा, म्हणजे विसरायचं नाही. आपल्याकडे धूळ फार, म्हणून मऊ ब्रशने जाळी पुसून घ्या. मधूनमधून टिक-टिक आवाज आला तर बॅटरी संपत आली. आणि १० वर्षांनी अलार्म नवीनच घ्यायचा.

वाजल्यावर काय, हेही आजच ठरवा. आजींना कमी ऐकू येत असेल, तर त्यांना कोण उठवणार? रात्री ग्रिलला कुलूप लावता ना, त्याची किल्ली कुठल्या खिळ्याला? ती अंधारात हाताला लागली पाहिजे. धूर असेल तर खाली वाकून, रांगत निघा. जमिनीजवळ हवा बरी असते. जिना धुराने भरला असेल तर उतरू नका. दार लावा, फटीत ओला कपडा कोंबा आणि गच्चीत किंवा खिडकीशी येऊन हाका मारा. बाहेर पडल्यावर १०१ ला फोन करा. दागिन्यांसाठी, पासबुकासाठी परत आत जायचं नाही.

आपल्या गटांत मशीनसाठी, फीसाठी, औषधपाण्यासाठी कर्ज मिळतं. पुढच्या बैठकीत हा विषयही मांडा. आठ-दहा घरांनी मिळून खरेदी केली तर दुकानदार भावही कमी करतो, आणि लावून द्यायला माणूसही पाठवतो. भाडेकरूंना वगळू नका. वरच्या माळ्यावर त्यांचीच लेकरं झोपलेली असतात.