परतीचे इंधन

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विज्ञानातील एखाद्या नव्या गोष्टीविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. अवकाशाचा विषय निघाला की आपली दृष्टी वर जाणाऱ्या अग्निबाणाकडे लागते. मी मात्र आज खाली परत येणाऱ्या अग्निबाणाची हकीकत सांगणार आहे.

दिनांक १६ डिसेंबर २०२२ रोजी, आपल्याकडे सायंकाळचे सव्वापाच वाजले असता, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावरील व्हॅन्डेनबर्ग येथून ‘फाल्कन ९’ हा अग्निबाण ‘स्वॉट’ नावाचा उपग्रह घेऊन निघाला. तेथे तेव्हा पहाटेचे पावणेचार झाले होते. हा उपग्रह अमेरिकेची ‘नासा’ व फ्रान्सची राष्ट्रीय अवकाशसंस्था यांनी कॅनडा आणि ब्रिटन यांच्या साहाय्याने सिद्ध केला. त्याचे वजन सुमारे २,२०० किलो, आणि त्याचे मुख्य काम पृथ्वीवरील पाण्याची पातळी मोजण्याचे.

हे मोजमाप तो कसे करतो? त्याच्यावर एकमेकींपासून १० मीटर अंतरावर दोन अँटेना बसविलेल्या आहेत. रडारच्या लहरी पाण्यावर आपटून परततात, त्या दोन्ही अँटेना टिपतात, आणि दोहोंतील सूक्ष्म फरकावरून पाण्याची उंची काढता येते. दोन डोळ्यांमुळे आपणांस अंतराचा अदमास येतो, त्यातलाच हा प्रकार. पूर्वीचे असे उपग्रह आपल्या मार्गाच्या बरोबर खालच्या अरुंद रेषेवरील पाणी तेवढे मोजीत. स्वॉट आपल्या दोन्ही बाजूंस सुमारे ५० किलोमीटर रुंदीचे पट्टे न्याहाळतो. सुमारे ८९० किलोमीटर उंचीवरून फिरत तो दर २१ दिवसांनी आपला मार्ग पुन्हा पहिल्यापासून आक्रमू लागतो. शंभर मीटरांहून रुंद नद्या व सहा-सात हेक्टरांहून मोठी तळी मोजता यावीत, अशी त्याची योजना आहे. त्या हिशेबाने आपले जायकवाडी आणि उजनी हे जलाशय तर कितीतरी मोठे. शिवाय ही मोजमापे जगात कोणासही विनामूल्य पाहता येतात.

आता अग्निबाणाकडे वळू. फाल्कनचे टप्पे दोन. खालच्या टप्प्यास नऊ इंजिने असतात, वरच्यास एकच. शुद्ध केलेले रॉकेल आणि द्रवरूप प्राणवायू हे त्याचे इंधन. सुमारे अडीच मिनिटांत खालचा टप्पा आपले काम आटोपून सुटा होतो. याच दोन देशांनी समुद्राची पातळी मोजण्यासाठी १९९२ साली ‘टोपेक्स-पोसायडन’ हा उपग्रह सोडला, तेव्हाच्या अग्निबाणाचा कोणताही भाग पुन्हा उपयोगात येणारा नव्हता. स्वॉटच्या वेळी मात्र खालचा टप्पा आकाशातच फिरला, त्याने इंजिने पुन्हा पेटवून वेग आवरला, आणि निघाल्यापासून सुमारे आठ मिनिटांत उड्डाणस्थळाजवळच्या फरसबंदीवर चार पायांवर उभा राहिला. त्याचे ते सहावे उड्डाण होते! वरचा टप्पा परत येत नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु दहा इंजिनांपैकी नऊ घरी आली, हा लाभ काय थोडा?

हे एका दिवसात साधलेले नाही. आरंभीचे कित्येक प्रयत्न समुद्रात बुडाले, तरंगत्या फलाटावर आपटून फुटले. २१ डिसेंबर २०१५ रोजी फाल्कनचा टप्पा प्रथम सुखरूप उतरला, आणि एकदा वापरलेला टप्पा पुन्हा उडाला तो ३० मार्च २०१७ रोजी. आपल्या ‘इस्रो’नेही २०२३ व २०२४ साली कर्नाटकातील चित्रदुर्गाजवळ पंखांचे एक यान हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवून दाखविले आहे.

परंतु माझे आजचे सांगणे निराळेच आहे. परतीसाठी लागणारे इंधन कोठून येते? ते वाटेत मिळत नाही, आणि सहज उरतही नाही. निघतानाच ते राखून ठेवावे लागते, आणि जितके ते राखावे तितके वर न्यावयाचे ओझे कमी करावे लागते. ओझे जड असेल तर परतीचा पल्ला आखूड करून समुद्रातील फलाटावर उतरावे लागते. ते फारच जड असेल तर परतीचा विचारच सोडावा लागतो. स्वॉट उपग्रहातही आयुष्य संपल्यावर निर्जन समुद्रात बेताने उतरण्यासाठी वेगळे इंधन राखलेले आहे, जेणेकरून आपल्या अंतकाळी तो कोणाच्या मस्तकावर पडू नये!

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझे अभियांत्रिकीचे शिक्षण या संघाच्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून झाले. नोकरी लागताच रक्कम परत करीन, असे मी लिहून दिले होते. नोकरी लागली, पुढे लग्न झाले, घर झाले. दरवर्षी मी म्हणे, ‘यंदा काही उरले की पाठवू.’ अकरा वर्षे काही उरले नाही. बाराव्या वर्षी पगार हाती येताच प्रथम संघाचा हप्ता बाजूला काढू लागलो, आणि दोन वर्षांत फिटलो. परंतु त्या अकरा वर्षांत माझ्या पैशावर कोणा मुलाचे शिक्षण व्हावयाचे होते आणि झाले नाही, हे मला आजही ठाऊक नाही. ती रुखरुख जात नाही.

यंदा ज्या मुलामुलींनी निधीतून साहाय्य घेतले आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे : खूप उंच जा, दूरदेशी जा, परंतु परतीचे इंधन निघतानाच वेगळे काढून ठेवा. आपण परत पाठविलेल्या रकमेवर दुसऱ्या कोणाचे उड्डाण व्हावयाचे असते.