सतरा नंबरचा अर्ज
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कारखान्यांत राबणारे कित्येक प्रौढ खेड्यातील शाळा अर्धवट सोडून आलेले असतात. पाचवी उत्तीर्ण असल्यास सतरा नंबरचा अर्ज भरून त्यांना राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस खासगी रीतीने बसता येते. पुष्कळांचे अडते ते अभ्यासापाशी नव्हे, शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. मूळ दाखला हरवलेला. द्वितीय प्रत मागावयास चाळिशीचा मनुष्य लाजतो, आणि मुदत टळली की वर्ष जाते. 1959 साली साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्रौढांना अक्षरे गिरवावयास शिकविणारा गावचा शिक्षकच होता. आजच्या शिक्षकाने निदान जनरल रजिस्टर उघडून नाव शोधून द्यावे. जन्मतारखेतील चूक मात्र स्वतःच्या हाताने खोडू नये. तिला रीतसर मंजुरी लागते.