अंकापूर्वीचे गणित

(लोणावळा येथे भावी प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणितावर बोलण्यासाठी आपण एका कलाशाखेच्या पदवीधरास पाचारण केले, याचे आपणांस नवल वाटत असेल. मलाही वाटले. शाळेत गणिताची धास्ती बसली म्हणून मी कलाशाखेकडे वळलो, हे प्रथमच कबूल करतो. परंतु ती धास्ती नेमकी कोठे बसली, याचा विचार मी पुढे अनेक वर्षे केला आहे. ती दहावीच्या वर्गात नव्हे, तर पहिली-दुसरीतच बसली होती. म्हणूनच आपणांशी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण उद्या ते वर्ग आपल्या हाती येणार आहेत.

जोडी लावणे ही मोजण्याची पहिली पायरी

अंदर मावळातील एखाद्या वाडीवरचे सहा वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा त्याला गणित येत नसते असे आपण समजतो. वस्तुतः जेवणाच्या पंगतीत माणसे किती आणि ताटे किती, हे ते न मोजता पाहू शकते. प्रत्येक माणसापुढे एक ताट आले, एकही उरले नाही, म्हणजे दोन्ही सारखे. यालाच गणितात एकास एक संगती म्हणतात. जर्मन गणिती गेओर्ग कॅन्टर यांनी 1870 नंतरच्या दशकांत संचांचा सिद्धांत मांडला, तो याच साध्या कल्पनेच्या पायावर.

पाच बोटे, पाच पाने, पाच शेळ्या हे निरनिराळे संच आहेत. त्यांत समान काय, तर त्यांच्या घटकांची एकमेकांशी जोडी लागते. त्या समान गुणास आपण ‘पाच’ हे नाव दिले आणि ‘5’ हे चिन्ह दिले. वस्तू प्रथम, संख्या नंतर, नाव त्यानंतर आणि चिन्ह सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे. आपल्या वर्गांत बहुधा तो उलटा होतो. मूल शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. पण समोरचे सतरा चिंचोके मोजताना तोंड पुढे धावते आणि बोट मागे राहते.

शून्याचेही तसेच. रिकामी टोपली म्हणजे रिक्त संच आणि तिच्यातील घटकांची संख्या शून्य. परंतु त्या टोपलीत ‘0’ लिहिलेले कार्ड टाकले, तर ती रिकामी राहत नाही. तिच्यात एक घटक आला. हा भेद शिक्षकाच्या मनात स्वच्छ असला पाहिजे.

बेरीज केव्हा करावी?

दोन संच एकत्र केले की बेरीज होते, असे आपण सांगतो. मात्र त्यांत सामाईक घटक नसेल तरच ते खरे. हा धडा मी शाळेत नव्हे, नोकरीत शिकलो. एकदा दोन योजनांच्या लाभार्थी कुटुंबांची बेरीज करून मी एक बातमीपत्रक तयार केले. एका ग्रामपंचायत सदस्याने ते वाचून शांतपणे विचारले, “साहेब, आमच्या गावात एवढी घरे तरी आहेत का?” अनेक कुटुंबे दोन्ही याद्यांत होती. समजा, एका यादीत 42 व दुसरीत 31 कुटुंबे आहेत आणि 11 कुटुंबे दोन्हींत आहेत. तर एकूण कुटुंबे 73 नव्हेत, 62 होतात. संयोग संच आणि छेद संच यांची पंचायतीच्या कामकाजात ही अशी नित्य गरज पडते.

दहाचा पुडा

लोणावळ्यात चिक्कीच्या उदाहरणासाठी दूर जावयास नको. दहा वड्यांचा एक पुडा बांधा. तीन पुडे आणि दोन सुट्या वड्या म्हणजे 32. यांतून 17 वड्या द्यावयाच्या आहेत. सात सुट्या निघत नाहीत, म्हणून एक पुडा सोडावा लागतो. सुट्या झाल्या बारा. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. दोन पुड्यांतून एक गेला, एक उरला. उत्तर 15. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पुडा सोडला, त्याला दशक मोकळा करणे हे कधीच गूढ वाटणार नाही.

भागाकार तर मावळच्या भातखाचरात आहे. चारसूत्री पद्धतीत दर चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी खोचतात. अशा चौकड्यांतील 24 चुडांना गोळ्या किती, हा प्रश्न शेतकऱ्याचे मूल पाटीशिवाय सोडवील. मात्र 24 गोळ्या चौघांत वाटल्या तर प्रत्येकाला किती, हा प्रश्न निराळा आहे. उत्तर दोन्हींचे सहाच. पण पहिल्यात गट पाडले, दुसऱ्यात वाटणी केली. दोन्ही अनुभव मुलाला मिळाले पाहिजेत.

नावांची अडचण

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील अडचण समजावून सांगितली होती. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. शिवाय जोडाक्षरांचा भार निराळा. एकोणतीसमध्ये तर वजाबाकीच दडली आहे: एक उणे तीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच नियम चालतो आणि नव्याण्णवला अचानक मोडतो.

भाषेचा वारसा टाकावा असे मी म्हणत नाही. पण जे मूल ‘बावन्न’ ऐकून 25 लिहिते, ते मठ्ठ नसते. ते ऐकलेल्या क्रमाने लिहीत असते. त्याला फटकारण्याऐवजी पाच पुडे व दोन वड्या त्याच्यापुढे ठेवा. चूक त्याची त्यालाच दिसेल.

शब्द नको, दृष्टी हवी

1957 नंतर अमेरिकेत ‘नवे गणित’ आले आणि लहान मुलांच्या तोंडी संचांची परिभाषा घातली गेली. तो प्रयोग फारसा टिकला नाही. आपल्याकडे आता संचाचे प्रकरण नववीच्या पुस्तकात आहे, ते योग्यच आहे. पहिलीच्या वर्गात ‘संच’ हा शब्द उच्चारण्याचे कारण नाही. परंतु तेथे शिकविणाऱ्याला संच कळलाच पाहिजे. पाया घराबाहेरून दिसत नाही, म्हणून गवंड्याने तो घालू नये असे नाही.

तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व मूलभूत अंकगणित यावे, यासाठी 5 जुलै 2021 रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि 2026-27 पर्यंतचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. अशी उद्दिष्टे परिपत्रकांनी साध्य होत नाहीत. ती आपण वर्गात किती चिंचोके घेऊन जाता, आणि मूल चुकल्यावर ‘का चुकले’ हे विचारता की नाही, यावर अवलंबून असतात.

माझ्यासारखा गणिताला भिऊन पळालेला एकही विद्यार्थी आपल्या वर्गातून बाहेर पडू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.