प्रवाळ वाढेना, तर आधी पाणी मोजा
घरच्या खाऱ्या टाकीतला प्रवाळ वाढेनासा झाला की पहिला संशय दिव्यावर जातो. पण प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बंद टाकीतला हा साठा प्रवाळ स्वतःच संपवत असतो, आणि बहुधा आधी घसरते ती क्षारता, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटची पातळी. म्हणून दिवा बदलण्याआधी ती मोजावी. कुणी म्हणेल, छत्रपती संभाजीनगरातलं बोअरचं पाणी जडच, मग कमतरता कसली? पण त्याच पाण्यातून नायट्रेट येऊन शेवाळ माजू शकतं. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात सागरी मीठ कालवावं. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा! पाणी 30 अंशांपुढे राहिलं, तर प्रवाळ पांढरा पडू लागतो. आणि हो, मालवणच्या समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते तोडून टाकीत आणणं गुन्हा आहे.