रानपिंगळ्याची हजेरी



कामगारांच्या सभांतून घसा कोरडा करणाऱ्या माणसाला व्याख्यानमालेच्या चालकांनी पक्ष्यांच्या छायाचित्रणावर बोलायला उभे करावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. परंतु हजेरीपट, पगारपत्रक आणि पंचनामा हे तीन कागद वाचण्यात आमची हयात गेली आहे. खरा कागद कोणता आणि बनावट कोणता, हे ओळखल्यावाचून आमचा व्यवसायच चालत नाही. आणि आज ज्या पक्ष्याची हकिगत सांगावयाची, ती निम्मी एका बनावट कागदाचीच हकिगत आहे.

पिंगळा आपणांस परका नाही. वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत हा वीतभर पक्षी राहतो. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा त्याचेच नाव लावतो. याचा एक भाऊबंद महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या सागवानी रानात राहतो. त्याला रानपिंगळा म्हणतात. उंचीने दोघे सारखेच. पण आपल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट स्वच्छ पांढरे, आणि पंजा अंगाच्या मानाने दांडगा. घुबडाच्या जातीचा असून हा भर दिवसा झाडाच्या उघड्या शेंड्यावर बसून सरडे, पाली, उंदीर टिपतो.

1872 साली ब्लेविट नावाच्या गृहस्थाने आजच्या छत्तीसगडातील फुलझरच्या बाजूस याचा पहिला नमुना मिळविला आणि पुढल्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापले. हेच ते ह्यूम, 1885 च्या काँग्रेसच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव आपण शाळेत घोकले. पक्ष्यांच्या शास्त्रातही ते तितकेच मोठे. त्यानंतर खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून काही नमुने जमविले. त्या काळी पुरावा म्हणजे गोळी घालून, पेंढा भरून, पायाला चिठ्ठी बांधून ठेवलेला पक्षी. 1884 नंतर मात्र रानपिंगळा कोणाला दिसल्याची खात्रीची नोंद नाही.

एक नोंद होती. कर्नल माइनर्ट्झहॅगन या नामांकित इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिले होते, गुजरातेतील मांडवी, 1914. कर्नलसाहेबांचा शब्द! त्याच्यावर कोण शंका घेणार? डॉ. सलीम अलींसारख्यांनी हा पक्षी शोधला. हाती लागला नाही. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुनाच तपासावयास घेतला. आतला पेंढा बदललेला, पण मूळ भरणीच्या खुणा डेव्हिडसन यांच्या हातच्या. कर्नलने ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसन यांचाच पक्षी लांबविला होता आणि वर आपली चिठ्ठी चिकटविली होती. जो मजूर कामावर आलाच नाही त्याचे नाव हजेरीपटावर चढवून पगार उचलणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. त्या प्रकारात आणि या प्रकारात आम्हांला तरी फरक दिसत नाही. फरक असलाच तर एवढाच की, मुकादमाच्या लबाडीने एक पगार बुडतो. या लबाडीने शोध घेणाऱ्यांना भलत्याच मुलखाची वाट दाखविली.

मग बाईंनी सरळ हिशेब केला. खोटी चिठ्ठी बाजूला टाकावी आणि खऱ्या चिठ्ठ्या जेथे नेतील तेथे जावे. 1997 च्या नोव्हेंबरात त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या दोन सोबत्यांसह निघाल्या. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. तेथे काही सापडले नाही. नंतर ते शहाद्याजवळ आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी किंग यांना उघड्या झाडावर उन्हात बसलेला एक पिंगळा दिसला. डोके कोरे, पोट पांढरे! त्यांनी त्याचे चित्रण केले, छायाचित्रे घेतली. 113 वर्षांनी या पक्ष्याची हजेरी लागली, आणि ती लावण्यासाठी त्याला मारावे लागले नाही. चोरीचा सारा पंचनामा रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी 1999 साली छापला.

शहादा हे नाव आम्हां चळवळीतल्या लोकांना निराळ्या कारणाने ठाऊक. अंबरसिंग सुरतवंती यांच्या मागे तेथले आदिवासी शेतमजूर उभे राहिले, 1972 साली तेथे श्रमिक संघटना निघाली. तेव्हा आणि 1997 सालीही तो तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला. माणसांची आणि पाखराची, दोघांचीही नोंद त्याच मुलखात इतकी वर्षे कशी राहून गेली, हे आमच्या मनातून जात नाही. पुढे मेळघाटात, यावलच्या रानात हा पक्षी आढळला. 2014 साली तर मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात मिळाला. 2018 साली जगाच्या यादीत त्याचा धोका एक पायरी खाली उतरला, तरी तो संकटग्रस्त आहेच.

आता छायाचित्राकडे येऊ. गोळीपेक्षा कॅमेरा सौम्य खरा, पण तो निरुपद्रवी आहे असे समजू नये. घुबडाचे डोळे खोबणीत पक्के. ते फिरत नाहीत, म्हणून तो मानच सुमारे 270 अंश फिरवितो. अंधाराला सरावलेल्या त्या डोळ्यांवर झोत मारला की पुन्हा सरावायला वेळ जातो, आणि तेवढा वेळ पिलांच्या घासातून वजा होतो. दुसरी युक्ती ध्वनिमुद्रित आवाजाची. आवाज ऐकताच नराला वाटते हद्दीत दुसरा नर शिरला; शिकार सोडून तो भांडायला धावतो. गणनेसाठी एकदा वाजविणे निराळे आणि चित्र नीट आले नाही म्हणून दहादा वाजविणे निराळे. घुबडही कधी हिशेब चुकता करतो. एरिक हॉस्किंग या विख्यात इंग्रज छायाचित्रकाराचा एक डोळा 1937 साली घरट्याजवळच्या घुबडाने काढला. हॉस्किंग यांनी कॅमेरा सोडला नाही. पुढे आत्मचरित्राच्या नावातच त्या डोळ्याची आठवण ठेवली.

हे दूरचे झाले. आपल्या भुलेश्वराच्या डोंगराखालच्या माळावर सुटीच्या दिवशी पुण्याहून मोटारी येतात, त्या आपण पाहताच. चंडोल, धाविक यांची घरटी तेथे जमिनीवर असतात, ढेकळासारख्या रंगाच्या अंड्यांची. मोटार वाट सोडून माळावर घातली की चाकाखाली काय गेले हे आतल्याला कळतसुद्धा नाही. गावातल्या ज्या तरुणांनी कॅमेरे घेतले आहेत, त्यांना आमची विनंती की प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ आणि तालुका खरा लिहावा. झाड व ढोली मात्र चारचौघांत सांगू नये. ती वनखात्याला आणि अभ्यासकाला सांगावी. नोंद खरी ठेवणे आणि पत्ता राखून ठेवणे यांत विरोध नाही. संघटनेच्या सभासदांची यादी आम्ही अशीच ठेवतो. दिवाळीच्या तोंडावर मंत्रतंत्रासाठी घुबडे पकडणारे लोक अजून आहेत. 1972 च्या कायद्याने ते गुन्हेगार ठरतात, पण ढोली कोठे हे त्यांना आपल्याच चित्राने सांगावे काय?

शेवटी मजुरीचा प्रश्न. तो आमच्याच्याने टाळवत नाही. रानात पक्षी दाखविणारा वाटाड्या बहुधा स्थानिक माणूस असतो. चित्राखाली त्याचे नाव सहसा नसते, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे. त्याची कमाई किती पक्षी दाखविले यावर ठेवली की ते उक्ते काम झाले. उक्त्या कामात यंत्र आणि माणूस दोघेही झिजतात, हे कारखान्यात आम्ही पाहिले. रानात त्या जागी पाखरू झिजते. चित्र न मिळाल्यास आपली बिदागी जाणार हे ज्याला ठाऊक आहे, तो घरट्याजवळ नेईल, आवाज वाजवील, फांदी मोडून उजेड करील. त्याला दोष देऊन चालणार नाही. त्याला दिवसाचा रोज ठरवून द्यावा, पक्षी दिसो वा न दिसो. आणि अंडी घातली आहेत म्हणून आज तिकडे नेत नाही असे तो म्हणाला, तर त्या दिवसाचाही रोज पुरा द्यावा. आपल्या माळावर पाहुण्यांबरोबर हिंडणारी पोरे या गावातलीच असतील, तर हा दर येत्या हंगामाआधी गावाने बसून ठरविता येईल. पहिल्या बैठकीला आम्ही येऊ.