भोपळ्यातून निघालेले सूर

शहापूर-मुरबाडच्या गावापाड्यांतल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमच्या गौरीनाचाचा फेर आणि ढोलाचा ठेका अजून कानात घुमतो आहे. बक्षीस मिळवणाऱ्यांचं आणि पडद्यामागे राबणाऱ्यांचंही मनापासून अभिनंदन. आज मी तुम्हाला माझ्या आवडत्या चार गायक-वादकांची ओळख करून देणार आहे. चौघंही आफ्रिकेतले.

आफ्रिका म्हटलं की फार दूरचा मुलूख वाटतो. पण मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखऱ्याजवळ नाणेघाटाची वाट फुटते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरकडे चढायचा. त्याच काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आपलं कल्याण, सोपारा ही बंदरं एकाच सागरी वर्णनात येतात. पुढे इथिओपियात जन्मलेल्या मलिक अंबरने निजामशाही सांभाळली. आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं जंजिरा संस्थान 1948 पर्यंत टिकलं. गुजरातेतले सिद्दी आजही धमाल नाचतात, तेव्हा मलुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य वाजतं. त्याला आवाज घुमवायला भोपळा जोडलेला असतो.

हा भोपळा तुमच्या ओळखीचा आहे. आपला तारपा भोपळ्याचा, भगताच्या घांगळीलाही भोपळे. पश्चिम आफ्रिकेतला कोरासुद्धा अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून करतात. त्याला 21 तारा असतात. माली देशातला तुमानी जाबाते हा कोराचा थोर वादक. वडीलही नामवंत कोरावादक, घराण्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. 1988 साली त्याचा ‘काइरा’ हा अल्बम आला. त्यात तो एकटाच वाजवतो, तरी दोघंतिघं बसलेत असा भास होतो. अंगठे खर्ज आणि लय सांभाळतात, तर्जनी वर सुरांची नक्षी काढतात. 2024 मध्ये तो गेला, पण ही नक्षी आजही तुमच्या मोबाइलवर ऐकता येते.

दुसरा अली फर्का तुरे. हाही मालीचाच. नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा हा शेतकरी. अमेरिकेच्या राय कूडरबरोबर त्याने केलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, जगभरातून बोलावणी आली. तरी तो स्वतःला आधी शेतकरी म्हणवायचा. 1999 साली आलेल्या अल्बमसाठी तो शहरातल्या स्टुडिओत गेला नाही, ध्वनिमुद्रणाची यंत्रंच त्याच्या गावी आणावी लागली. अल्बमला त्याने गावाचंच नाव दिलं. 2004 मध्ये तो तिथला महापौर झाला. आवणीच्या दिवसांत शाळा-कॉलेजातून येऊन चिखलात उतरणाऱ्या मुलामुलींनी हा माणूस आवर्जून ऐकावा.

तिसरी झिंबाब्वेची स्टेला चिवेशे. तिचं वाद्य एम्बिरा, म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या. त्या अंगठ्यांनी छेडायच्या, आणि घुमाऱ्यासाठी वाद्य भोपळ्यात धरायचं. पूर्वजांना बोलावण्यासाठी ते रात्र रात्र वाजतं. गोऱ्यांच्या राजवटीत ते तुच्छ मानलं गेलं, आणि बायकांनी ते वाजवावं हे तर घरच्यांनाही मान्य नव्हतं. स्टेला हटली नाही. 1974 मध्ये तिची पहिली तबकडी निघाली आणि पुढे युरोपातल्या रंगमंचांवर ती एम्बिरा घेऊन बसली. 2020 साली युनेस्कोने एम्बिरा घडवण्याची आणि वाजवण्याची कला मानवजातीच्या वारशात नोंदवली.

चौथी मिरियम माकेबा, दक्षिण आफ्रिकेची. खोसा भाषेत जिभेचे टकटक आवाज व्यंजनं म्हणून येतात. या भाषेतली गाणी तिने अमेरिकेत जशीच्या तशी गायली. 1960 मध्ये तिचा पासपोर्ट रद्द झाला, आईच्या अंत्यविधीलाही तिला मायदेशी जाता आलं नाही. 1963 मध्ये तिने संयुक्त राष्ट्रांत वर्णभेदाविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तिच्या गाण्यांवर बंदी घातली. ती परतली 1990 मध्ये, मंडेलांची सुटका झाल्यावर. तीस वर्षं परक्या देशांत राहूनही तिने आपली भाषा सोडली नाही.

मित्रांनो, या चौघांनी आपलं वाद्य, आपली बोली, आपला गाव यांची लाज कधी बाळगली नाही. म्हणून त्यांचं गाणं दुसऱ्या कुणासारखं वाटत नाही, आणि म्हणूनच जग ते ऐकायला थांबलं. आपल्या शेजारच्या जव्हार तालुक्यातले भिकल्या लाडक्या धिंडा हे त्याच जातकुळीचे. आयुष्यभर तारपा घडवला, वाजवला. संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला.

तुमच्याही पाड्यावर असा कुणी तारपकरी असेल. लग्नात धवळे गाणारी धवलारीण आजी असेल. डीजेच्या भिंतीपुढे तिचा आवाज दबतो, तिच्याकडून शिकून घेणारं कुणी उरत नाही, आणि ती गेली की शेकडो गाणी तिच्याबरोबर जातात. मला याची मनापासून काळजी वाटते. ती गाणी वाचवण्याचं बळ तुमच्या हातात आहे.

या सुट्टीत दोन कामं करा. या चार कलावंतांचं एकेक गाणं शांतपणे, शेवटपर्यंत ऐका. मग आजीजवळ बसा, तिची परवानगी घ्या आणि तिची गाणी मोबाइलमध्ये भरून घ्या. गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि गाणं कुठल्या प्रसंगाचं आहे, तेही वहीत लिहा. आणि त्यातलं एक तरी गाणं स्वतः शिका, कारण नुसतं साठवलेलं गाणं गळ्यात उतरत नाही. प्राचार्यांना माझी विनंती आहे, या नोंदींसाठी ग्रंथालयात एक कपाट द्यावं. पुढच्या स्नेहसंमेलनात ती गाणी याच मंचावर व्हावीत, आणि ती शिकवणाऱ्या आजी-आजोबांना पहिल्या रांगेत बसवून त्यांचा सत्कार करावा. ते ऐकायला मी नक्की येईन.